वारशाची गाडी आणि भंगाराची गाडी

पन्नास वर्षे वयाची मोटारगाडी म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्या देशात दोन उत्तरे आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नावाचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. अशा गाडीच्या क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि पुढच्या पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये मोजले की दहा वर्षांची निश्चिंती. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली. हे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच असते. म्हणजे वय तेच, लोखंड तेच. परंतु शोभायात्रेत मिरवणाऱ्या गाडीला वारशाचा मान आणि रोजच्या कामाला जुंपलेल्या गाडीला दुप्पट फी व भंगाराची वाट.

या भेदाचा अर्थ जळकोटसारख्या ठिकाणी उभे राहून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. लातूर जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व अंगाला, नांदेड जिल्ह्याच्या कंधार-मुखेडला लागून असलेला हा बालाघाटाच्या डोंगररांगांतला मुलूख १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. माळरान, खडक, पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या वाटा. अशा मुलखाला साजेसे एकच मोटार वाहन दीर्घकाळ होते, ते म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जीप. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून गटविकास अधिकारी आणि जीप यांची जोडी ग्रामीण जनतेच्या मनात इतकी पक्की बसली की 'जीप आली' म्हणजे 'सरकार आले' असाच अर्थ होई. सरकारी खात्यांनी लिलावात काढलेल्या याच गाड्या पुढे शेतकऱ्यांकडे, छोट्या कंत्राटदारांकडे, बाजारहाट करणाऱ्यांकडे आल्या. (स्वतंत्र भारतातील पहिले गाजलेले आर्थिक प्रकरणही जीपचेच होते. १९४८ मध्ये लंडनमार्फत दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीपगाड्यांचा करार झाला. आल्या त्या १५५, आणि त्याही निकामी. जुनी जीप चालती करणे किती अवघड असते, याचा धडा राज्यकर्त्यांना तेव्हाच मिळायला हरकत नव्हती.)

जळकोट ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत होते, त्या संस्थानाच्या निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात दिमाखात उभी आहे. ती आयुष्यात फार थोडे मैल चालली. न चाललेल्या गाडीचे भाग झिजत नाहीत, त्यामुळे तिला ते शोधावेही लागत नाहीत. प्रश्न चालणाऱ्या गाडीचा आहे.

१९४५ साली लुधियान्यात 'महिंद्र आणि महंमद' या नावाने निघालेल्या आणि १९४८ मध्ये 'महिंद्र आणि महिंद्र' झालेल्या कंपनीने अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपगाड्या मुंबईत जोडण्यास सुरुवात केली व पुढे त्या इथेच घडवल्या. उंच नाकाची 'सीजे-३बी' अमेरिकेत १९५३ मध्ये आली आणि १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र तिचा वंश नावे बदलत कित्येक दशके चालू राहिला. या गाडीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते ती अशी : क्लच, त्यामागे तीन गतींचा 'टी-९०' गिअरबॉक्स, त्याला बिलगलेली 'स्पायसर १८' ही पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, तिच्यातून पुढे व मागे जाणारे दोन शाफ्ट, त्यांच्या टोकांना क्रॉस, आणि सरतेशेवटी दोन्ही एक्सलच्या मधोमध क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी. यांतले काय मिळते व काय मिळत नाही, हे पाहणे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे.

क्लचप्लेटचे अस्तर झिजले तर ते रिव्हेट ठोकून नवे बसवता येते. उदगीरच काय, कोणत्याही मोठ्या बाजारगावी हे काम होते. बेअरिंग गेले तर त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचायचा आणि लातूर वा नांदेडच्या दुकानातून तोच क्रमांक मागायचा. ते बेअरिंग पंपात असो, ट्रॅक्टरमध्ये असो की जीपमध्ये, क्रमांक एक म्हणजे माप एक. परंतु क्राऊनचा दात तुटला की खरी वणवण सुरू होते. 'सीजे-३बी'च्या क्राऊनला त्रेचाळीस दात आणि पिनियनला आठ. युद्धकाळातल्या जीपला एकोणचाळीस आणि आठ. दोन्ही जोड्या पाहताना सारख्याच दिसतात. मागच्या एक्सलमध्ये चुकून दुसरी जोडी बसली तर गाडी दोन चाकांवर बिनबोभाट चालते. चारही चाकांना जोर देताच पुढची चाके एका हिशेबाने फिरू पाहतात, मागची दुसऱ्या, आणि हा झगडा मधल्या पेटीच्या दातांवर येऊन ती फुटते. शिवाय क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा नवरा दुसऱ्याच्या नवरीला चालत नाही. 'स्पायसर १८' पेटीतही तोच घोळ. नाव एकच, पण काळाच्या ओघात तिच्या मधल्या दांड्याची जाडी तीनदा ठरली : आधी पाऊण इंच, मग सव्वा इंचाला थोडी कमी, शेवटी सव्वा इंच. नुसते नाव सांगून भाग मागवणाऱ्याचा एक हेलपाटा हमखास वाया जातो.

मग लेथवर करून घ्या, असे कोणी म्हणेल. साधा दांडा, बूश, पिन हे आपले टर्नर उत्तम करतात. त्यांच्या हातांनीच मराठवाड्यातली निम्मीअधिक जुनी यंत्रे जिवंत आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परंतु क्राऊन-पिनियनचे वळणदार दात साध्या लेथवर कापता येत नाहीत. त्याला वेगळी, महागडी यंत्रे लागतात. दात कापून झाल्यावर पोलादाच्या पृष्ठभागात कर्ब मुरवून ते कठीण करावे लागते. हे न करता मऊ लोखंडातून काढलेला गिअर दिसायला चकचकीत असतो आणि एका हंगामात झिजून जातो. कौशल्याची उणीव नाही. उणीव आहे ती आराखड्याची, यंत्रसामग्रीची आणि त्या दोहोंपर्यंत पोचण्याच्या मार्गाची.

येथे बेअरिंग आणि क्राऊन यांच्यातला फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. बेअरिंगचे माप सार्वजनिक आहे, म्हणून कारखाना बंद पडला तरी दुसरा कारखाना ते बनवतो आणि जळकोटच्या माणसाला ते मिळते. क्राऊनचे माप कंपनीच्या कपाटात आहे, म्हणून कंपनीला त्यात रस उरला नाही की ते नाहीसे होते. पेटंटचे संरक्षण वीस वर्षांत संपते आणि शोध सर्वांचा होतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गिअरवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही. उरले आहे ते केवळ त्याच्या आराखड्यावरचे कुलूप, आणि या कुलपाला मुदत नाही.

गमतीचा भाग असा की हे भाग जगात मिळत नाहीत असे नाही. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या विलीज जीपगाड्यांना लागणारे कितीतरी नवे भाग भारतातच तयार होऊन तिकडे जातात. म्हणजे देशात यंत्रे आहेत, पोलाद आहे, कारागीर आहेत. परंतु उत्पादन जाते ते जिथे डॉलर आहेत तिथे. गरज आणि मागणी या दोन गोष्टी बाजाराच्या हिशेबात एक नसतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. जळकोटचा जीपमालक ते स्वखर्चाने शिकतो. तो उदगीरहून लातूरला, तिथून हैदराबादला किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातो, आणि तिथे त्याला आढळते की आपल्यासारख्याच गाडीचा मूळ गिअरबॉक्स एखाद्या संग्राहकाने आधीच उचलला आहे.

संग्राहकाने तो का उचलला? कारण नियमच तसा आहे. 'व्हिंटेज' नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्यामुळे मूळ भागांना दागिन्यांची किंमत आली. याउलट खेड्यातल्या जीपचे काय झाले होते? पेट्रोल परवडेना म्हणून मालकाने तिच्यात डिझेल इंजिन बसवले, ट्रेलर ओढायला मागचा भाग बदलला, मिळेल तो एक्सल लावला. ज्या फेरफारांमुळे ती जगली, त्याच फेरफारांमुळे ती वारशातून बाद झाली. इतकेच नव्हे, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केल्यापासून परवानगीविना केलेला असा कोणताही बदल संशयास पात्र ठरतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या निकालामागे निश्चितच अर्थ आहे. परंतु मूळ भाग मिळू द्यायचा नाही आणि पर्यायी भागही बसवू द्यायचा नाही, तर मालकाने करायचे तरी काय?

क्यूबाचे उदाहरण या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. १९६० नंतर अमेरिकेने व्यापार तोडला, तेव्हा तिथल्या जुन्या अमेरिकन मोटारींचे भाग येणे थांबले. क्यूबाच्या मेकॅनिकांनी डेट्रॉइटच्या बॉडीखाली सोव्हिएत व्होल्गा-लाडाची इंजिने आणि गिअरबॉक्स बसवून त्या दशकानुदशके टॅक्सी म्हणून चालवल्या. पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात. त्यामागची कुचंबणा छायाचित्रात येत नाही, म्हणून या प्रकाराचे अवास्तव कौतुक करण्याचे कारण नाही. ब्रिटनने निराळा मार्ग काढला. तिथे १९७५ मध्ये 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ही संस्था निघाली आणि बंद झालेल्या मोटारींचे जुने साचे सांभाळून त्यांवर पुन्हा उत्पादन होऊ लागले. भांडवलशाही देशातही साचे मोडीत न काढण्याचे शहाणपण दिसू शकते, इतकेच यातून घ्यायचे.

हा प्रश्न केवळ जुन्या गाड्यांपुरता असता तर त्यावर पक्षकार्यकर्त्यांनी वेळ घालवावा असे म्हणता आले नसते. परंतु आजची नवी गाडी ही उद्याची जुनी गाडी आहे, आणि तिच्या बाबतीत कुलूप अधिक भक्कम आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून दोन हजार पाचशे कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र मेकॅनिकांना मिळू न देऊन त्यांनी बाजारातील आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये अपिलात काही कंपन्यांच्या दंडाची रक्कम कमी झाली. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींबरोबर शेती अवजारांचाही समावेश केला आणि वर्षाअखेर एक संकेतस्थळ उघडले. कंपन्यांनी तिथे स्वेच्छेने माहिती द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. मक्तेदाराच्या स्वेच्छेवर विसंबून जनतेला हक्क मिळाल्याचा दाखला इतिहासात शोधूनही सापडायचा नाही.

जुन्या गाड्या धूर सोडतात, त्यांना सुरक्षेची आधुनिक साधने नसतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. दिल्लीच्या हवेत जुनी डिझेल गाडी फिरू नये, हे मान्यच करावे लागेल. परंतु आठवड्याच्या बाजाराला आणि पेरणी-काढणीला बाहेर पडणाऱ्या जळकोटच्या जीपला दिल्लीचा मापदंड लावणे म्हणजे धोरण नव्हे. धूर तपासावा, ब्रेक तपासावेत; नापास झाली तर ती दुरुस्त करण्यास मुदत द्यावी. दुरुस्तीसाठी भाग मिळाले तरच या मुदतीला अर्थ राहील. मोडीत काढण्याच्या धोरणाचा उघड लाभ नवी गाडी विकणाऱ्याला आहे आणि जुनी जीप मोडून नवी घेण्याची ऐपत या भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला नाही, हेही विसरून चालणार नाही. डॉ. लोहिया छोट्या यंत्राचा आग्रह धरत, तेव्हा त्यांच्यापुढे गावात चालणारे यंत्र होते. गावात चालायचे तर ते गावात दुरुस्तही व्हायला हवे, हे ओघानेच आले.

मागण्या करायच्या त्या नेमक्या कराव्यात. एखाद्या वाहनाचे उत्पादन बंद झाल्यापासून ठराविक वर्षांनंतर त्याच्या क्लचपासून एक्सलपर्यंतच्या भागांचे आराखडे, मापे आणि पोलादाची प्रत सरकारी संस्थेकडे जमा करणे निर्मात्यावर बंधनकारक असावे आणि ते कोणाही कारखानदाराला मागताच मिळावेत. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व नागपूर येथील मध्यवर्ती कार्यशाळांना आणि जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना दात कापण्याची व पोलाद कठीण करण्याची सोय देऊन ती खासगी टर्नर-फिटरांना माफक भाड्याने खुली करावी. पन्नास वर्षांवरील कामाच्या गाडीला, तपासणीत उत्तीर्ण होत असेल तर, संग्राहकाच्या गाडीहून अधिक फी लागू नये. यातली तिसरी मागणी नियमातल्या एका ओळीच्या दुरुस्तीने पुरी होईल. पहिलीला कंपन्या विरोध करतील. दुसरीसाठी लातूर आणि नांदेडच्या कार्यकर्त्यांना दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही. ती राज्याच्या अंदाजपत्रकात बसते आणि आगामी अधिवेशनापूर्वी गॅरेजवाले, टर्नर व जीपमालक यांच्या सह्यांचे निवेदन तयार करणे तालुका शाखांच्या आवाक्यातले आहे.