जाब कोणी द्यायचा?

अंबरनाथच्या बुवापाड्यात पाळी संपवून घरी आलेल्या कामगाराचा फोन वाजतो : कर्ज घ्या, हप्ता भरा, सवलत आज रात्रीच संपते! असे संदेश पाठविण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटां’कडे सोपविले जात आहे. कोणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत गाठावे, हे यंत्रच ठरविते. मात्र हप्ता चुकून दोनदा कापला गेला, तर जाब विचारायला माणूस सापडत नाही.

भांडवलदार यालाच कार्यक्षमता म्हणतात. बंगळूरच्या ‘दुकान’ कंपनीच्या प्रमुखाने २०२३ साली ग्राहकसेवेतील नव्वद टक्के कर्मचारी कमी करून चॅटबॉट आणल्याचे स्वतःच जाहीर केले. वाचलेला पगार कोणाच्या खिशात जातो, हे सांगायला नकोच.

कामगार चळवळीचे यंत्राशी वैर नाही. बँक कर्मचारी संघटनांनी १९८३ साली संगणक स्वीकारले, ते वाटाघाटी आणि करार करूनच. आज ती वाटाघाट कोठे आहे? दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनी जाहिरातींचे संदेश नाकारण्याचा हक्क दिला, १९०९ या क्रमांकावर तक्रारीची सोय केली. पण नकोसा संदेश थांबणे वेगळे आणि हवे ते उत्तर मिळणे वेगळे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. यंत्राचा संदेश यंत्राचा म्हणून ओळखू यावा. त्यामागे मराठीत उत्तर देणारा जबाबदार माणूस असावा. आणि युनियनशी करार केल्यावाचून एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाऊ नये. ही मागणी बुवापाड्यासारख्या वस्त्यांतूनच उठली पाहिजे.