हेलपाट्यांचे दुखणे

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ज्याचे काम अडलेले असते, त्याला तिच्यात विनोद दिसत नाही. विधवा, निराधार, दिव्यांग, वृद्ध, पुरात घर पडलेली कुटुंबे यांच्यासाठी सरकारच्या योजना आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण योजनेची जाहिरात आणि खात्यावर पडणारा पहिला हप्ता यांच्यामध्ये अर्जाचा लांब रस्ता असतो. दाखला, झेरॉक्स, सेतू केंद्र, तलाठ्याची सही, सर्व्हर डाऊन, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, पुन्हा या. या रस्त्यावर माणसाचे पैसे आणि दिवस जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची झोप आणि उमेदही जाते, याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात होत नाही. म्हणून हा विषय महसूल खात्याइतकाच आरोग्याच्या सदराचाही आहे.

कोल्हापूर जिल्हा ऊस, दूध आणि फौंड्रीमुळे सधन मानला जातो. पण याच जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्या-वस्त्याही आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांनाही पंचनाम्याच्या रांगेत उभे केले. चंदगडच्या दिव्यांग माणसाला तपासणीसाठी सीपीआर रुग्णालयात यावे लागले, तर जाण्याचेच अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. एवढे करून ‘आज डॉक्टर नाहीत’ असे ऐकायला मिळाले, तर त्या माणसाच्या मनात काय होत असेल, याचा विचार करायला हवा.

अर्जाचा ताण इतर ताणांपेक्षा वेगळा का असतो, याचे उत्तर विज्ञानाकडे आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या संशोधिकांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कोणत्या प्रसंगात शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सर्वाधिक वाढते, हे त्यांना पाहायचे होते. जिथे दोन गोष्टी एकत्र येतात, तिथे ते सर्वाधिक वाढते, असे दिसले. पहिली गोष्ट म्हणजे निकाल आपल्या हातात नसणे. दुसरी म्हणजे कुणीतरी आपली पारख करत असणे. कामाचा भार कितीही असला, तरी हे दोन घटक नसतील तर शरीर तुलनेने शांत राहते. आता तहसील कचेरीतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. निकाल हातात नाही आणि पलीकडचा माणूस आपण ‘खरे गरजू’ आहोत का, हे तपासतो आहे. ताणाची प्रयोगशाळा मुद्दाम उभारायची झाली, तरी याहून वेगळी काय असेल?

असा ताण तासाभराचा असेल, तर शरीर तो पचवते. तो महिनोन्महिने राहिला की झोप उडते, रक्तदाब वाढतो, मधुमेहाची साखर आवरत नाही, पोट बिघडते, चिडचिड होते. घरातल्या घरात भांडणे वाढतात आणि त्यांचे मूळ कशात आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा परिणाम विचारशक्तीवर होतो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास कोल्हापूरकरांना चटकन कळेल, कारण तो ऊस उत्पादकांवरचा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ शेतकऱ्यांची बुद्धी आणि एकाग्रता यांची चाचणी ऊस तुटण्यापूर्वी, हात आखडलेला असताना घेतली आणि पुन्हा तोडणीनंतर, पैसे आल्यावर घेतली. माणसे तीच होती, पण तोडणीपूर्वीचे गुण स्पष्टपणे कमी पडले. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवते, हा त्यांचा निष्कर्ष. या अभ्यासावर पुढे वाद झाले आणि इतरत्र झालेल्या काही प्रयोगांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण ऊसबिल जमा होण्याआधीचा महिना ज्याने काढला आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. गोम अशी की, अर्ज करावा लागतो तो नेमक्या याच काळात. डोके सर्वांत जास्त अडकलेले असते, तेव्हाच सर्वांत जास्त कागद, तारखा आणि अटी लक्षात ठेवायच्या असतात. मग एखादी झेरॉक्स राहते आणि खिडकीतून ‘एवढंही कळत नाही का?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न विचारणाऱ्याने तो अभ्यास एकदा वाचायला हवा.

अमेरिकेतल्या पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहान या अभ्यासकांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात या ओझ्याचे तीन भाग सांगितले आहेत. योजना आणि तिचे नियम समजून घेण्याचे ओझे, कागद जमवून अटी पुऱ्या करण्याचे ओझे आणि मनावरचे ओझे. आपल्याकडे पहिल्या दोघांची चर्चा होते. तिसऱ्याला आपण ‘एवढं तर सोसायलाच पाहिजे’ म्हणून सोडून देतो.

तिसरे ओझे कसे तयार होते, याचे एक उदाहरण पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून आहे. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. २०२५-२६ या वर्षी राज्यात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे घरातल्या एकाला दरमहा सहा दिवस काम मिळाले, तरी वर्षाचे उत्पन्न २२ हजारांच्या पुढे जाते आणि कुटुंब मर्यादेबाहेर पडते. महिन्यात सहा दिवसांच्या मजुरीवर कुठले घर चालते? एकट्या विधवेने खरे सांगितले तर अनुदान जाते आणि दाखल्यात बसेल तेवढेच सांगितले तर आपण काहीतरी लपवतो आहोत, ही टोचणी राहते. प्रामाणिक माणसाला अशा पेचात वर्षानुवर्षे ठेवणे हेसुद्धा आरोग्याला अपायकारकच आहे. मर्यादा वास्तवाला धरून ठेवली, तर ही टोचणी एका शासन निर्णयाने जाईल.

दुसरे उदाहरण ताजे आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये घेणाऱ्या महिलांना १८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ई-केवायसी बंधनकारक झाली. स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. ज्यांचे पती आणि वडील दोघेही नाहीत, जिला नवऱ्याने टाकली आहे, त्यांनी ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवायचा? मुदत आधी नोव्हेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांसाठी वेगळी वाटही काढली गेली. पण मधले आठवडे त्या बायकांनी कसे काढले असतील? बोगस लाभार्थी शोधलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण अपवादाचा विचार आदेश निघण्यापूर्वी झाला असता, तर मधली घालमेल वाचली असती.

पडताळणीचा ताण किती खोल जाऊ शकतो, हे इंग्लंडने पाहिले आहे. तिथे २०१० ते २०१३ या काळात आजारपणाचा भत्ता घेणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांची फेरतपासणी झाली. ज्या भागांत ती जास्त झाली, तिथे मानसिक आजाराच्या तक्रारी आणि नैराश्यावरच्या औषधांची मागणीही जास्त वाढली, असे संशोधकांना नंतर आढळले. याला फेरतपासणी हेच एकमेव कारण होते, असे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण धोक्याची सूचना म्हणून ते पुरेसे आहे. उलट, गरजू माणसाच्या हातात नियमित पैसे पडले की नैराश्य आणि चिंता कमी होते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे अनुदान हे मनाचेही औषध आहे. मग ते औषध मिळवतानाच माणूस आजारी पडावा, ही कसली रीत?

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर अर्जदाराने आपली प्रकृती कशी सांभाळायची? ताण येतो तो निकाल हातात नसल्यामुळे. तेव्हा जेवढे हातात घेता येईल, तेवढे घ्यावे, हे पहिले सूत्र. सर्व मूळ कागद एका पिशवीत आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत ठेवाव्यात. एका वहीत तारीख, कचेरी, कोणत्या टेबलावर काय सांगितले आणि पुन्हा कधी बोलावले, हे लिहावे. ही टापटीप बिनकामाची नाही. वहीत लिहिलेली गोष्ट डोक्यात घोळवावी लागत नाही आणि रात्री तीन वाजता आठवून दचकायला होत नाही. पिशवी ठेवल्यावर त्या दिवसापुरता विषय बंद करावा. जेवताना आणि झोपताना अर्जाची चर्चा नको.

दुसरे सूत्र, एकट्याने जाऊ नये. शेजारीण, भाचा, बचत गटातली मैत्रीण, कुणीही चालेल. सोबत असली की बोलणे नीट होते, ऐकलेले लक्षात राहते आणि पारख होत असल्याची धास्तीही कमी वाटते. उपाशीपोटी रांगेत उभे राहू नये. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, भाकरी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. खिडकीजवळ छातीत धडधडू लागले, तर श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा. पाच-सहा वेळा असे केल्यावर बोलण्याइतका धीर येतो. शेतकाम आणि मजुरीने बोटे झिजलेल्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. त्यात अर्जदाराचा दोष काहीच नाही. तिथे डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने पडताळणी करता येते का, हे विचारावे.

तिसरे सूत्र हक्काचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्ज दिला की पोच मागावी. तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि मुदत असायला हवी. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, त्यानंतर द्वितीय अपील आणि मग लोकसेवा हक्क आयोगाकडेही जाता येते. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. सगळ्यांनी भांडायला उठावे, असे नाही. पण ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाला उत्तर आहे, एवढे माहीत असण्यानेही मन सावरते. ‘पाचशे द्या, काम करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती आधार, पासबुक आणि ओटीपी देऊ नये. तो नवा ताण घरी आणतो.

इतके करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच लक्ष लागत नसेल, तर गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरच्या मानसोपचार विभागात दाखवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटू लागले तर थांबूच नये, लगेच फोन करावा आणि घरातल्या कुणाला तरी सांगावे. घरच्यांनीही ‘सारखं काय तेच तेच’ म्हणून झिडकारू नये. दिवसभराचे हेलपाटे ऐकून घेणारे एक माणूस घरात असणे, हा फार मोठा आधार असतो.

मात्र धीराने सोसा, एवढे अर्जदाराला सांगून प्रशासनाची सुटका होत नाही. काही सुधारणांना फारसा खर्चही येत नाही. जो दाखला सरकारनेच दिला आहे, तो सरकारनेच पुन्हा मागू नये. त्रुटी असतील त्या सर्व पहिल्याच खेपेला लेखी आणि सोप्या मराठीत सांगाव्यात. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी, असे नको. दिव्यांग तपासणीचे दिवस तालुक्यातच ठेवावेत आणि डॉक्टर येणार नसतील, तर आदल्या दिवशी मोबाइलवर कळवावे. रांगेत बाकडी, पंखा आणि पाणी असावे. आणि खिडकीमागच्या कर्मचाऱ्यांवरचा भारही पाहावा. रिकाम्या जागा, अडखळणारे सर्व्हर आणि वरून आलेल्या मुदती यांनी तेही पिचलेले असतात. थकलेला माणूस थकलेल्यावर खेकसतो, हे दोन्ही बाजूंनी घडते.

योजनेचे यश किती कोटी वाटले, यावर मोजले जाते. एका लाभार्थ्याला किती हेलपाटे पडले, हेही जिल्हा प्रशासनाने दर तिमाहीला मोजावे आणि प्रत्येक तहसील कचेरीच्या फलकावर लावावे. ताप मोजल्याशिवाय औषध ठरत नाही. हेलपाट्यांच्या दुखण्यालाही तोच नियम लागू आहे.