चाकाखालच्या दगडाचा भरवसा

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि भिवंडी परिसरातील गोदामांचा पसारा अधिकच वाढला. मोठ्या गोदामांत पाठीवरच्या ओझ्याची जागा फोर्कलिफ्टने घेतली; पण त्याबरोबर नवा धोकाही आला. फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये शिरून थांबते, तेव्हा त्या हिसक्याने ट्रक तसूतसूने फलाटापासून दूर सरकतो. कधी माल भरून झाला अशा समजुतीने चालकच गाडी हाकतो. मधल्या फटीत यंत्रासह माणूस कोसळतो.

चाकाखाली दगड वा ठोकळा ठेवणे हा रूढ उपाय सर्वस्वी माणसाच्या सावधपणावर विसंबलेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत निघालेली योजना अधिक खात्रीची आहे. फलाटालगत बसवलेला पोलादी आकडा ट्रकच्या मागील संरक्षक दांड्याला जखडतो. मग बाहेर चालकासाठी तांबडा आणि आत फोर्कलिफ्टवाल्यासाठी हिरवा दिवा लागतो. अर्थात, दांडाच वाकलेला असेल तर आकडा धरणार काय? म्हणून गाड्यांची तपासणीही तितकीच कसोशीने व्हावयास हवी.

१९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या वेतनाला संरक्षण दिले. त्याचा जीव मात्र दगडाच्या भरवशावर राहावा, हे त्या कायद्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला शोभणारे नाही. मोठ्या गोदामांना परवानगी देतानाच शासनाने या आकड्याची सक्ती करावी.