अम्मी, पुन्हा वाच ना!



गेल्या महिन्यात शेजारची एक तरुण अम्मी आपल्या साडेतीन वर्षांच्या लेकासाठी पाच पुस्तकं घेऊन आली. अक्षरं, अंक, फळं, प्राणी आणि वाहनं. आठ दिवसांनी तक्रार घेऊन आली, "खाला, हा पुस्तकांना हात लावत नाही. मोबाईलच मागतो."

मी पुस्तकं चाळली. एकेका पानावर बारा-बारा चित्रं. सफरचंद होतं, पण ते खाणारं कुणी नव्हतं. मांजर होती, पण ती दुधाकडे बघत नव्हती. पानावर काही घडतच नव्हतं, मग मूल तिथं थांबणार कशासाठी?

लहान मुलांचं पुस्तक निवडताना दुकानातच एक साधी परीक्षा घ्या. मजकुरावर तळहात ठेवा आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का ते पाहा. कळत असेल, तर तुमचं मूलही ते पुस्तक स्वतःहून उघडेल. दीड-दोन वर्षांच्या बाळाला जाड पुठ्ठ्याची पानं आणि पानावर एखादंच मोठं चित्र पुरे. तीन-चार वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा येणारी ओळ आवडते. ती ओळ तो तुमच्या आधी म्हणून टाकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला छोटी गोष्ट हवी. शेवटी ठसठशीत अक्षरांत तात्पर्य छापलेलं नसलं तरी काही बिघडत नाही. "मांजर कुठं लपली असेल?" हा एक प्रश्न मुलाला त्याहून जास्त विचार करायला लावतो.

मराठीत अशी पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये एक छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. वाचता वाचता सांगा, "राधाची आजी, तशी तुझी दादी." मग मूल आपल्या घराबद्दल बोलू लागतं. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची चित्रमय पुस्तकं स्वस्तात मिळतात.

शेजारणीची खरी अडचण वेगळीच निघाली. हळूच म्हणाली, "माझी शाळा उर्दू. मराठी वाचताना अडखळते. पोरगा मराठी शाळेत जाणार. मी काय वाचून दाखवणार?"

आपल्या कितीतरी घरांतली ही गोष्ट आहे. 'प्रथम बुक्स'नं 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीत आणि उर्दूतही चित्रकथा फुकट वाचता येतात. काही गोष्टी तर दोन्ही भाषांत आहेत. आज उर्दूत वाचा, उद्या तीच मराठीत. चित्रं ओळखीची झालेली असतात, त्यामुळे मराठी शब्द परके वाटत नाहीत. फोन मात्र आपल्या हातात ठेवा आणि मुलाला मांडीवर घ्या. अडखळलात तरी हरकत नाही. अम्मीही शिकते आहे, हे मुलाला दिसलेलं चांगलंच.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. माझी लेक लहानपणी पुस्तक घेऊन थेट त्यांच्याकडेच जायची. त्या चष्मा लावायच्या, चित्रावर बोट ठेवायच्या आणि त्याच पानांवरून रोज नवी गोष्ट सांगायच्या. लेक पहिलीत गेली. एका संध्याकाळी पानावरच्या ओळींवरून बोट फिरवत म्हणाली, "दादी, इथं तर असं लिहिलंच नाही!"

मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या. पुस्तक तिच्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "तो तू पढके सुना, मैं सुनती."

त्या दिवसापासून आमच्या घरात दादी ऐकू लागल्या आणि नात वाचू लागली.

शेजारणीला मी हेच सांगितलं. आता रात्रीच्या जेवणानंतर भिंतीपलीकडून आवाज येतो, "अम्मी, पुन्हा वाच ना!" मूल असं म्हणालं, की पुस्तक बरोबर निवडलं म्हणून समजा.