धावपट्टीवरील धोका

८ जून २०२४ रोजी मुंबईच्या विमानतळावर एक विमान उड्डाणासाठी धावपट्टीवरून वेगाने धावत असतानाच, त्याच्या पाठोपाठ त्याच धावपट्टीवर दुसरे विमान उतरले. अनर्थ टळला. विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित नियंत्रकास कामावरून दूर करून चौकशी आरंभिली. चौकशी हवीच, परंतु एका माणसास नियंत्रण मनोऱ्यातून खाली उतरविले म्हणजे धोका नाहीसा झाला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे.

विमान अपघात म्हटला की लोकांची नजर आकाशाकडे वळते. वस्तुतः विमानांची आजवरची सर्वांत भीषण टक्कर जमिनीवर झाली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे प्राणांस मुकली. एका वैमानिकाने परवानगीविना उड्डाण आरंभिले होते आणि संदिग्ध शब्दांनी घात केला होता. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावा, असा दंडक पडला. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर अशाच धुक्यात ११८ बळी गेले. जमिनीवरील हालचाली दाखविणारे जुने रडार तेथे काढून टाकलेले होते, आणि नवे येऊन पडले असूनही चालू झालेले नव्हते!

तोक्योच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी यंत्र चालू होते. धावपट्टीवर विमान शिरल्याचा इशारा पडद्यावर उमटलाही होता. पण नियंत्रकाचे लक्ष तिकडे गेले नाही. तटरक्षक दलाच्या विमानातील ५ जण मरण पावले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण शिस्तीमुळे बचावले. जपानने चौकशीच्या निष्कर्षाची वाट न पाहता, काही दिवसांतच त्या पडद्यावर सतत नजर ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस बसविला.

माणूस केव्हातरी चुकणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारावयाची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या परस्परांस छेदतात. त्यामुळे एका वेळी सामान्यतः एकच वापरता येते, आणि सारा भार तिच्यावर व तिच्या नियंत्रकावर पडतो. त्याचा क्षणभराचा विसर दुसऱ्या कोणाच्या ध्यानी यावयास नको काय? नियंत्रकांची पुरेशी संख्या, त्यांना हक्काची विश्रांती, धावपट्टीच्या तोंडाशी थांबण्याची आज्ञा देणारे तांबडे दिवे आणि पडद्यावर दुसरी नजर, एवढ्या गोष्टी कोणत्याही गजबजलेल्या विमानतळावर असल्याच पाहिजेत.

जाणूनबुजून केलेल्या हयगयीस शासन व्हावे, यात दुमत नाही. पण प्रामाणिक चुकीलाही तोच न्याय लावला, तर चुका थांबत नाहीत, लपविल्या मात्र जातात. थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग निर्भयपणे नोंदविला जावा आणि चौकशीचे निष्कर्ष जनतेपुढे यावेत. विमानात बसणाऱ्या उताऱ्याला मनोऱ्यातील माणूस कधी दिसत नाही. त्या माणसाच्या पाठीशी व्यवस्था उभी आहे, एवढी खात्री तरी त्याला मिळालीच पाहिजे.