झेंडा लागला, मग राज्य कोणाचं?

शनिवारवाड्यात गेलं की १७ नोव्हेंबर १८१७ ची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचा झेंडा लावला. मग नातूंना चार शिव्या आणि दिल्ली दरवाजासमोर सेल्फी. मला दुसऱ्या दिवसाबद्दल विचारायचं असतं. १८ तारखेला या पेठेत कायदा कोणाचा होता?

बाजीराव पळाला होता, पण लढाई संपली नव्हती. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ला झाली, तो शरण आला ३ जूनला. साडेसहा महिने पुणे हे इंग्रज फौजेच्या पिछाडीचं शहर होतं. जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर एल्फिन्स्टन. त्याच्या हाताखाली पुण्यात कॅप्टन रॉबर्टसन, नगरला कॅप्टन पॉटिंजर, खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज. वसुलीही त्यांचीच, फौजदारीही त्यांचीच.

११ फेब्रुवारीला साताऱ्याहून जाहीरनामा निघाला. वतनं, इनामं, धर्मादाय संस्था चालू राहतील, सगळ्या धर्मांच्या रीती पाळल्या जातील. मात्र जो वतनदार दोन महिन्यांत बाजीरावाची चाकरी सोडून घरी येणार नाही, त्याचं वतन जप्त. याला उदारपणा म्हणायची पद्धत आहे. मला तो हिशेब वाटतो: मागचा मुलूख शांत, तर पुढच्या फौजेला दाणावैरण.

आता मालेगाव. तिथल्या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर झुंज दिली आणि जूनमध्ये किल्ला सोडला. शरणागतीचा कागद मराठीत होता, तोही सैल शब्दांत. त्याच्या अर्थावरून वाद झाला, तेव्हा एल्फिन्स्टनने अर्थ अरबांच्या बाजूने लावला. याच माणसाने, पुण्यात आणि साताऱ्यात युरोपियनांना मारण्याचा कट उघडकीला आल्यावर, म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईचा गव्हर्नर नेपियन घाबरला आणि कायद्याचं संरक्षण मागून घे म्हणाला. एल्फिन्स्टनने नकार दिला: चुकलो असेन तर शिक्षा व्हावी, बरोबर असेन तर संरक्षण कशाला?

बाणेदार उत्तर, कबूल. पण तोफेपुढे उभ्या केलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? मालेगावात दिलदारी, पुण्यात तोफ, आणि दोन्हीकडे निवाडा एकाच माणसाच्या मर्जीवर.

व्यापलेल्या मुलखातल्या सामान्य माणसासाठी १९४९ चा चौथा जिनिव्हा करार झाला, तो अशाच मर्जीला लगाम म्हणून. तो लष्करी न्यायालयांना मनाई करत नाही, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. वेस्ट बँकेत १९६७ पासून पॅलेस्टिनींचे खटले इस्रायलच्या लष्करी न्यायालयांत चालतात. त्यावर पोस्ट टाकणाऱ्या माझ्या दोस्तांनो, ‘लष्करी न्यायालय’ या शब्दावर थांबू नका. आरोपीला वकील मिळाला का? बचावाला वेळ मिळाला का? आरोप त्याला समजेल अशा भाषेत, लेखी दिला होता का? करारात हे सगळं लिहिलेलं आहे.