किकबॅक म्हणजे चहापाणी नव्हे

‘किकबॅक’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे गाजला तो १९८७ मध्ये, बोफोर्स तोफांच्या प्रकरणात. तेव्हापासून आपला समज असा की किकबॅक म्हणजे दिल्लीतल्या बड्यांचा कोट्यवधींचा मामला. हिवरा आश्रमच्या मजुराचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध शब्दाच्या मुळातच आहे. किकबॅक म्हणजे मिळालेल्या रकमेतला वाटा गुपचूप माघारी देणे. अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारी बांधकामांवर मजुराला कागदोपत्री पूर्ण मजुरी दिली जाई आणि मागाहून त्यातला हिस्सा परत घेतला जाई. काम टिकवायचे तर देणे भाग होते. १९३४ मध्ये तिथे कोपलँड कायदा होऊन हा गुन्हा ठरला. म्हणजे किकबॅकविरोधी हा कायदा तोफांच्या दलालीसाठी नव्हे, गवंडी-बिगाऱ्यांच्या घामासाठी झाला!

आता आपल्या घरकुलाकडे पाहा. रमाई आवास योजनेचे अनुदान हप्त्यांनी मिळते. मराठीत सरकार देते तोही हप्ता आणि गुंड वसूल करतो तोही हप्ताच. जिथे पहिल्या हप्त्यातून दुसरा कापला जातो, तिथे तो शंभर टक्के किकबॅक असतो. पैसे थेट बँक खात्यात आले म्हणून धोका टळत नाही. ते काढून आणायला लावता येतात. आपण मात्र त्याला चहापाणी म्हणतो, चिरीमिरी म्हणतो. अशा गोड शब्दांनी चोरीचा पाहुणचार होतो आणि लुटला गेलेलाच यजमान ठरतो.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लाच देणेही गुन्हा ठरले आहे. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. मागणी होताच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवणे सर्वांत चांगले.

शेवटी एक कटू गोष्ट. हा वाटा गोळा करणारा मधला माणूस कधी कधी आपल्याच वस्तीतला, गळ्यात निळा रुमाल घातलेला असतो. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क दिले, हक्कांची दलाली दिली नाही. म्हणून समाजबांधवांनो, विहारातल्या बैठकीत घरकुलांची मंजूर यादी मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्या हाती पूर्ण रक्कम राहिली का?